राखणदारच बिथरले तर?

मेंदूत चेतापेशींच्या सोबतीला राखणदार पेशीही असतात, मायक्रोग्लिया. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना हे नाव दिलं. बारीक फांद्या हलवत त्या आसपासचा परिसर चाचपतात, कचरा गिळून टाकतात.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड प्रथिनाच्या गुठळ्या साचू लागल्या की या पेशी धावून जातात, गुठळ्यांना वेढा घालतात. सुरुवातीला हे उपकारकच. पण गुठळ्या हटत नाहीत, आणि पेशीही शांत होत नाहीत. वर्षानुवर्षं त्या दाहकारक रसायनं सोडत राहतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तर त्या चेतापेशींमधले सांधेही गिळताना दिसल्या. आठवणी टिकतात त्या या सांध्यांच्याच बळावर. म्हणून हे नुकसान मला सर्वांत जिव्हारी लागणारं वाटतं.

दाह हा आजाराचा नुसता परिणाम नसावा, याचा भक्कम पुरावा जनुकांनी दिला. ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढवतो, आणि मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करतं.

मग सूज उतरवणारी औषधं का देऊ नयेत? नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन पाहिली. आजार टळला नाही. ट्रेम-२ मधल्या त्या बदलाने तर राखणदार दुबळेच होतात. त्यांना सरसकट गप्प करणं, म्हणजे त्यांची मदतही गमावणं.