रानातले प्राणी आणि आपली औषधे

धर्मादाय कार्यात औषधपाण्याला पूर्वापार मानाचे स्थान आहे. म्हणून या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याच विषयाच्या एका निराळ्या अंगाकडे सभासदांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ज्यांनी जन्मात दवाखान्याची पायरी पाहिलेली नाही, अशा रानातल्या उंदरांच्या व पाखरांच्या पोटात आता असे जंतू सापडतात की, ज्यांच्यावर आपली नामांकित औषधे चालत नाहीत. हे कसे घडले, आणि बुधवाऱ्यात राहणाऱ्या माणसाने त्याची काळजी का करावी, हे आपण क्रमाने पाहू.

प्रथम औषधांविषयी. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत पेनिसिलिन सापडले. पुढे १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, मातीतल्या जंतूंपासून क्षयावर गुणकारी असे स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन झाला आणि दुसऱ्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. न्यूमोनिया, बाळंतज्वर, चिघळलेली जखम अशा दुखण्यांनी पूर्वी घरेच्या घरे ओस पडत. ती दुखणी या औषधांमुळे आटोक्यात आली. अशा जंतुनाशक औषधांना आज आपण प्रतिजैविके म्हणतो.

परंतु जंतूही स्वस्थ बसणारे नव्हेत. कोणी औषधाचा रेणू तोडणारा रस तयार करतो, कोणी आत शिरलेले औषध बाहेर फेकून देतो, तर कोणी औषध ज्या जागी चिकटते ती जागाच बदलून टाकतो. ही विद्या जंतूच्या जनुकांत लिहिलेली असते. पोषण मिळाले तर आतड्यातला एखादा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. तेव्हा औषधाने बाकीचे मेले आणि ही विद्या जाणणारा एकच उरला, तरी दिवसभरात त्याचे गोकुळ उभे राहते.

याहून नवलाची गोष्ट जपानी शास्त्रज्ञांना १९५९ च्या सुमारास कळली. रक्ती आमांशाचे जंतू एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देईनासे झाले होते. शोध घेता असे दिसले की, जंतूंजवळ मुख्य जनुकसंचाखेरीज एक लहानसे सुटे कडे असते आणि त्याची नक्कल एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो. शेजारी परक्या जातीचा असला तरी अडत नाही. आपल्या पोटातल्या निरुपद्रवी जंतूने जपून ठेवलेली पोथी अशा रीतीने रोगजंतूच्या हाती पडते. रानातल्या प्राण्यांचा प्रश्न समजण्यास ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली म्हणजे पुरे.

आता कोणी विचारील की, ही विद्या माणसाच्या औषधांमुळेच निर्माण झाली काय? तसे नाही. कॅनडाच्या उत्तरेस तीस हजार वर्षे गोठून पडलेल्या मातीत अशी जनुके मिळाल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. युरोपात हेजहॉग नावाचा अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी आहे. त्याच्या कातडीवर वाढणारी बुरशी पेनिसिलिनच्या जातीची द्रव्ये तयार करते. त्यामुळे तेथल्या जंतूंनी, पेनिसिलिनचा शोध लागण्याच्या शतकभर आधीच, त्यावर तोड काढलेली होती. हे २०२२ साली उजेडात आले. बुरशी आणि जंतू यांचे वैर फार जुने आहे. माणसाने एवढेच केले की, रानात थेंबाथेंबाने चाललेल्या या भांडणात औषधांचे हंडेच्या हंडे ओतले.

त्याचा परिणाम दोन देशांच्या उदाहरणांवरून चांगला उमगतो. इंग्लंडच्या वायव्य भागातल्या रानउंदरांची तपासणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्यांना कोणी औषध दिले नव्हते, तरी त्यांच्या पोटातले पुष्कळ जंतू औषधांना दाद देत नव्हते. २००१ साली फिनलंडमधल्या सांबरासारख्या मोठ्या हरणांची व उंदरांची तशीच तपासणी झाली. तेथे असे जंतू जवळजवळ नव्हतेच. इंग्लंडचा तो भाग दाट वस्तीचा व गुराढोरांचा, तर फिनलंडची अरण्ये विरळ वस्तीची. माणसाचा शेजार जितका जवळचा, तितका रानाला त्याचा संसर्ग अधिक, असा यातून बोध होतो.

हा संसर्ग पोहोचतो बहुतांशी पाण्यावाटे. आपण घेतलेल्या औषधाचा बराच भाग शरीरातून तसाच बाहेर पडतो. त्याच्याबरोबर पोटातले जंतूही गटारात जातात. पुण्याच्या मुठा नदीतील गाळ नचिकेत मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शहराच्या वरच्या अंगाच्या मानाने शहरातल्या गाळात अशा जनुकांचे प्रमाण तीसपटीपर्यंत वाढलेले होते. रुग्ण अगदी हाताबाहेर जाऊ लागला म्हणजे वापरावयाच्या औषधांवर मात करणारी जनुकेही त्यात होती. अशा पाण्यावर ढोरे येतात, माकडे येतात, पाखरे येतात.

पाखरे तर दूरवर प्रवास करतात. तपकिरी डोक्याचा कुरव हा पक्षी उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्या देशातील समुद्रकिनारी व जलाशयांवर उतरतो. बंगालच्या उपसागराच्या किनारी, बांगलादेशात याच पक्ष्यांच्या विष्ठेत औषधांना न जुमानणारे जंतू आढळल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. घाणीवर चरलेले पाखरू तीच शिदोरी हिमालयापलीकडे नेऊ शकते.

यावरून मुक्या प्राण्यांना दोष देऊ नये. हा विकार त्यांना आपणच दिला. ते आपला आरसा आहेत. शिवाय माणसाला होणारा अशा जंतूंचा उपद्रव मुख्यतः माणसांकडूनच, रुग्णालयांतून व घराघरांतून पसरतो. मात्र रानात ही जनुके रुजली म्हणजे ती नाहीशी करणे कोणाच्याही हाती राहत नाही, आणि पाणी व गुरेढोरे यांच्यावाटे ती पुन्हा माणसाकडे वळू शकतात. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आपल्या बुऱ्हाणपुराला हा विचार परका वाटू नये. अब्दुल रहीम खानखानाच्या काळी, १६१५ साली, येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या कुशीत झिरपणारे पाणी जमिनीखालून, कुंड्यांच्या रांगेतून, शहरापर्यंत आणण्याची ती योजना आजही लोक दुरून पाहावयास येतात. पाणी उगमापासून घरापर्यंत निर्मळ राखावे लागते, हे त्या काळच्या लोकांनी ओळखले होते. तापीत आपण जे सोडतो ते खालच्या गावांच्या वाट्याला जाते, हेही तितकेच खरे.

मग आपण करावे काय? पहिली गोष्ट, सर्दी-पडशावर आपल्या मनाने अशी औषधे घेऊ नयेत. बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्यांवर ही औषधे मुळीच चालत नाहीत. दुसरी, डॉक्टरांनी सांगितले तितकेच औषध, तितकेच दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या शेजारच्या वहिनींना देऊ नयेत. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात घसा दुखणाऱ्या एका कल्पित गृहस्थाची कथा सांगून बजावले होते की, त्याने अपुरे औषध घेतल्याने निगरगट्ट झालेले जंतू पुढे त्याच्या पत्नीच्या जिवावर बेतू शकतात. तिसरी, जुनी औषधे मोरीत वा नाल्यात ओतू नयेत. चौथी, कोंबड्या व गुरे लवकर वाढावीत म्हणून त्यांना अशी औषधे चारू नयेत. कोलिस्टिन नावाचे, माणसासाठी अखेरचा आधार असलेले औषध याच कारणास्तव २०१९ साली सरकारने पशुपालनातून बंद केले. पाचवी, हात धुणे, उकळलेले पाणी पिणे व मुलांना वेळेवर लसी टोचून घेणे. कारण जो आजार झालाच नाही, त्याला औषध लागत नाही.

ट्रस्टचा कारभार पाहिलेल्यांना हिशेबातली एक गोष्ट सांगावयास नको: व्याजावर कार्य चालवावे, मूळ निधीला हात लावू नये. प्रतिजैविके हा मानवजातीचा असाच मूळ निधी आहे. मागच्या पिढीने तो कष्टाने जमवून आपल्या हवाली केला. तो जपून वापरला तर आपल्या नातवंडांच्या दुखण्यातही कामास येईल. आणि त्या जपणुकीचा लाभ सातपुड्याच्या रानातल्या मुक्या जिवांनाही आपसूक मिळेल.