रविवार कुणाचा?

साक्रीचा तरुण हिंजवडीतील संगणक कंपनीत रुजू झाला की गावाची मान उंचावते. मध्यरात्रीही त्याचा फोन खणखणतो, हे मात्र घरच्यांनाच ठाऊक असते. अशा सततच्या ताणातून येणाऱ्या शिणवट्याला जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजार न म्हणता नोकरीशी निगडित अवस्था म्हटले. मग त्यावरचा उपाय एकट्या नोकरदाराच्या योगासनांत कसा सापडावा? नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. गिरणीचा भोंगा निदान फाटकापाशी सुटत असे. आजचा भोंगा खिशातून घरी येतो. आधी संघटना, मग सुट्टी, हा क्रम संगणकापुढील तरुणाने विसरू नये.