गरोदरपणातील विश्रांती आणि बुडालेली मजुरी

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर भातलावणी सुरू झाली की दिवस भरत आलेली बाईही चिखलात उतरते. विश्रांती घ्यावी हे तिला कळत नाही असे नाही. पण घरी बसले की मजुरी बुडते आणि मजुरी बुडाली की पहिली काटछाट तिच्याच ताटात होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अंगात रक्त कमी असेल तर बाळंतपणातला रक्तस्राव जिवावर बेततो. मूलही कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

जुलै 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात हाच प्रश्न मांडला. मातेला बाळंतपणाआधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा आला, पण तो कारखान्यातील स्त्रियांपुरता. आज 10 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. शेतमजूर बाईला मात्र पहिल्या मुलासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये. 2024-25 च्या रोजगार हमीच्या 297 रुपये दराने ही 17 दिवसांचीही मजुरी होत नाही. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच 6,000 रुपये. मुलगा झाला तर काहीच नाही. आईची झीज तर दोन्ही वेळा सारखीच होते.

रक्कम अपुरी आहे म्हणून मागणी चालू ठेवावी, पण हक्काचे आहे ते सोडू नये.

पहिल्या मुलाचे 3,000 रुपये गरोदरपणाची नोंद व तपासणी झाल्यावर, तर 2,000 रुपये बाळाची जन्मनोंद व सुरुवातीच्या लसी पूर्ण झाल्यावर मिळतात. आधार जोडलेले बँक खाते स्वतः मातेचे हवे. जातीचा दाखला हाताशी नसेल तर अन्नसुरक्षेची शिधापत्रिकाही चालते. आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला लवकर भेटावे.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जेवण मोफत आहे. नेण्या-आणण्यासाठी 102 क्रमांकाची गाडीही मोफत आहे. मात्र महाडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब, आणि पावसात दरडींचे भय. 22 जुलै 2021 ची तळिये दुर्घटना आपण विसरलेलो नाही. दुर्गम वाडीवरील बाईने तारीख जवळ आली की रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे यावे.

लोहाची गोळी गरोदरपणात किमान 180 दिवस घ्यावी, पण चहासोबत नको. लिंबू पिळलेले जेवण, नाचणी, कुळीथ, पालेभाजी, सुकट ताटात असावी.

लावणीच्या दिवसांतच वर्षावास येतो आणि विहारात ग्रंथवाचनाला महिला जमतात. वाचनानंतर महिला मंडळाने वाडीतील गरोदर भगिनींची यादी करावी, कोणाचे खाते नाही, कोणाचा अर्ज अडला ते पाहावे आणि सोबत जाऊन काम करून आणावे. शेवटच्या महिन्यात तिच्या वाटणीची लावणी इतरांनी आळीपाळीने केली, तर तिला हवी असलेली विश्रांती खरोखर मिळेल.