तेजोवलयातील आजी

स्पॅनिश भाषेत आजीला ‘अबुएला’ म्हणतात. मेक्सिकोतून अमेरिकेत येऊन वसलेल्या कुटुंबांत ही अबुएला म्हणजे घराचा आधारवड. रांधणे, शिवणे, नातवंडे वाढविणे यांत तिचे आयुष्य सरते. पण तिचे चित्र कलादालनात लागावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

योलांडा लोपेझ या चित्रकर्तीच्या मनात ते आले. १९४२ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे जन्मलेल्या योलांडाताई आई आणि आजी-आजोबा यांच्या छायेत वाढल्या. १९७८ मध्ये त्यांनी तीन चित्रांची एक मालिका साकारली. तिला आधार होता ग्वादालूपेच्या मातेच्या प्रतिमेचा. १५३१ मध्ये ही माता मेक्सिकोतील एका टेकडीवर प्रकटली, अशी तेथील कॅथॉलिक समाजाची श्रद्धा आहे. सुवर्णकिरणांचे वलय, तारांकित शेला आणि पायाशी देवदूत हे तिचे रूप घरोघरी पूजिले जाते.

ते वलय योलांडाताईंनी आपल्या घरातील तिघींना दिले. एका चित्रात त्या स्वतः वेगाने धावत पुढे येतात. दुसऱ्यात शिवणकाम करून घर चालविणारी आई यंत्रावर तोच शेला शिवते आहे. तिसऱ्यात आजी आहे. त्याच शेल्यावर ती शांतपणे बसली आहे. हाती सुरी आणि सापाचे सोललेले कातडे. अहिंसेचा संस्कार असलेल्या आपल्या दृष्टीला हे खटकते. परंतु मेक्सिकोच्या प्राचीन परंपरेत सर्प हे भूमातेचे, जीवन-मरणाच्या फेऱ्याचे चिन्ह आहे. जीवन पुरते जाणलेली स्त्री येथे दिसते. चित्रकर्तीने तिला तरुण केले नाही, की तिचा थकवा झाकला नाही.

देवतेचे तेज सामान्य स्त्रीला द्यावे का, असा आक्षेप या मालिकेवर निघालाच. संग्रहालयातील त्यांच्या पहिल्या एकल प्रदर्शनाला तर २०२१ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. ते सॅन डिएगोतच भरले. मात्र योलांडाताई सप्टेंबरमध्येच, ७८ व्या वर्षी निवर्तल्या होत्या. सन्मान आला, पण तो उशिरा.

आपल्या पेढीवर आजोबांची तसबीर असते, तिला रोज हार चढतो. ज्या आजीच्या काटकसरीवर त्या पेढीचे भांडवल उभे राहिले, तिचे नाव कोणत्याच खतावणीत नसते. ती हयात असेल, तर आज तिच्याजवळ घटकाभर बसावे, तिचे बोल लिहून ठेवावेत. हा जमाखर्च उद्यावर टाकण्याजोगा नाही.