मेंदूचे खेळ: फायदा किती?

विसरायला होते म्हणून पैसे भरून संगणकावरचे ‘मेंदूचे खेळ’ घ्यावेत का? प्रताप नगरातल्या निवृत्तांनाही पडणारा हा प्रश्न अमेरिकेतील ‘अ‍ॅक्टिव्ह’ या प्रयोगाने १९९८ पासून तपासला. ६५ वर्षे व त्यापुढील २,८३२ ज्येष्ठांचे चार गट केले. तीन गटांना स्मरण, तर्क आणि संगणकावर नजरेने झटपट टिपणे यांपैकी एकेकाचा सराव दिला. दहा वर्षांनंतर तर्क व झटपट टिपण्यातला फायदा टिकला, स्मरणातला ओसरला. शिवाय ज्याचा सराव, सुधारणा मुख्यतः त्यातच! कोड्यांत तरबेज झाल्याने औषधाची वेळ आठवेलच असे नाही. खेळ आवडतात तर जरूर खेळा; मात्र रोजचे फिरणे, रक्तदाब व कानांची तपासणी सोडू नका.