चार तारा आणि एक प्लेट खिचडी

गिटारला सहा तारा असतात हे आपल्या होस्टेलमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळे माझ्या खोलीत येणारा प्रत्येक जण कपाटाला टेकवलेल्या वाद्याकडे बघतो आणि विचारतो, "दोन तारा तुटल्या का बे?" तुटल्या नाहीत. ती बेस गिटार आहे, तिला चारच तारा असतात. मग दुसरा प्रश्न, "म्हणजे डीजेत असतो तो बेस?" नाही, तोही नाही. आणि मग तिसरा, जो खरा झोंबतो... "मग स्टेजवर ही ऐकू काहून येत नाही?"

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला लायब्ररीत मिळालं नाही आणि लॅबमध्येही नाही. ते मिळालं वारंगा फाट्यावर, रात्री पावणेबारा वाजता.

ज्यांनी या भागात एसटीने धक्के खाल्लेत त्यांना वारंगा फाटा सांगायला नको. नांदेडहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक जातो हिंगोलीकडे, दुसरा हदगाव-उमरखेड करत यवतमाळ-नागपूरकडे. गाव कळमनुरी तालुक्यातलं, पण नाव झालंय ते खिचडीमुळे. ड्रायव्हर, विद्यार्थी, लग्नाचं वऱ्हाड, हळदीचे व्यापारी, सगळे इथे उतरून प्लेट हातात घेतात. आम्हीही उतरलो होतो. नांदेडला एका स्पर्धेत वाजवून परत चाललो होतो, आणि जीपमध्ये तासभर कोणी कोणाशी बोललं नव्हतं. परीक्षकांनी आमच्या बँडला दिलेला शेरा असा होता : "ग्रुपमध्ये बेस वाजवणारं कोणी होतं का?" होतं ना सर. मीच होतो!

खिचडीची ऑर्डर देता देता आमच्या ड्रमरने मनातलं बोलून टाकलं. "गॅदरिंगला कीबोर्डच्या डाव्या हातावर बेस घेऊ. तू टाळ्या वाजव." सगळे हसले. मी पण हसलो, पण घास काही उतरेना.

त्याच्या बोलण्याला आणखी एक काळी बाजू होती. दोन महिन्यांपूर्वी मी एका सीनियरचा गिटारचा छोटा अँप्लिफायर मागून आणला, त्यात बेस लावली आणि त्याच्या स्पीकरचा कागद टर्रकन फाडला. तो का फाटला हे आता मला समजलंय, तेव्हा फक्त हप्ते समजले होते.

असो. तर शेजारच्या बाकड्यावर एका ऑर्केस्ट्राची मंडळी बसली होती. बाहेर त्यांचा टेम्पो उभा, कार्यक्रम आटोपून निघालेले. त्यातल्या एका काकांनी माझ्या पाठीवरची लांब बॅग बघितली आणि डोळ्यांनीच विचारलं. मी चार बोटं दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि सरकून जागा दिली. बेसवाले असेच भेटतात. आमची जात स्टेजवर मागच्या बाजूला, ड्रमच्या सावलीत उभी असते, त्यामुळे एकमेकांना बरोबर ओळखते.

मग जी चर्चा सुरू झाली ती ऐकून आमचा लीड गिटारवाला कंटाळून उठून गेला. तारा कोणत्या? किती दिवसांच्या? पिकअप कुठला? बोटानं वाजवतोस की पट्टीनं? मागच्या टेबलवर हळदीच्या भावावर खल चालला होता आणि आमचा तारांवर. ऐकणाऱ्याला दोन्हीत फार फरक वाटला नसता.

काकांच्या तारा सहा वर्षं जुन्या होत्या. मी ओरडलोच, "सहा वर्षं?" मी तर त्या उकळतो! (खरंच. मेसच्या मावशींकडून जुनं पातेलं मागून घेतो. बेसची तार म्हणजे मधे पोलादी गाभा आणि त्यावर बारीक तारेचे वेढे. या वेढ्यांच्या खाचांत घाम आणि मळ बसतो, वरचे बारीक सूर मरतात आणि तार 'धप्प' बोलायला लागते. पाण्यात उकळून कोरडी पुसली की थोडे दिवस पुन्हा खणखणते. नवीन सेटच्या किमतीत मेसचे बरेच दिवस निघतात, म्हणून हा उद्योग.) काका म्हणाले, खणखणाट पाहिजे त्यानं उकळावं, मला जुनाच आवाज गोड लागतो. आणि त्यांच्या बाजूला साक्षीदारही मोठा आहे. अमेरिकेत मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जेमरसन चपट्या वेढ्यांच्या तारा वापरायचा, त्या तुटेपर्यंत बदलायचा नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. काकांचं दैवत मात्र जवळचं, आर. डी. बर्मन यांच्याकडे बेस वाजवणारे टोनी वाझ. आमच्या पिढीला मुंबईची मोहिनी डे माहीत असते, १९९६ चा जन्म, वडील सुजॉय डे हेही बेसवादक. काकांनी तिलाही मोबाईलवर बघितलेलं होतं. "पोरगी काय फिरवती बोटं!" एवढं बोलून ते पुन्हा खिचडीकडे वळले.

शेवटी मी माझा प्रश्न विचारला. काका, बेस ऐकूच येत नाही. मी सगळं फुल्ल करतो, तरी नाही.

"काय फुल्ल करतोस?"

"बेसचं बटण."

"ते शून्यावर आण लेकरा. मिड चढव. आन् मंग वाजव."

मला वाटलं, काका थट्टा करतात. बेस ऐकू येण्यासाठी बेस कमी करायचा? पण इंजिनिअरिंगच्या पोरानं कागद-पेन घेऊन बसावं असं हे वाक्य आहे, आणि होस्टेलवर परत आल्यावर मी तेच केलं.

बेसची सर्वात जाड तार म्हणजे ई. ती सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते. पुढच्या ए, डी, जी या तारा ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झच्या. साध्या गिटारची सर्वात जाड तार ८२.४ हर्ट्झची, म्हणजे आपली ई बरोबर एक सप्तक खाली. एवढा खालचा सूर काढायचा कसा? तार लांब करा, सैल करा किंवा जड करा, तीनच मार्ग. गिटारचीच तार सैल करून सप्तक उतरवायचं तर ताण एक चतुर्थांश करावा लागेल. मग तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते. म्हणून लांबी वाढवली, ३४ इंच, आणि वजन वाढवलं. पण नुसती जाड सळई लावली तर ती ताठ होते आणि तिचे वरचे सूर बेसूर निघतात. म्हणून तो गाभ्यावर वेढ्यांचा जुगाड. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. त्याआधी हे काम माणसापेक्षा उंच अशा डबल बेसवर चालायचं, ज्याच्या मानेवर पडद्या नाहीत. फेंडरच्या बेसवर पडद्या होत्या, सूर नेमका लागायचा, म्हणून नाव प्रिसिजन. चारही तारांचा मिळून मानेवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण असतो. ती वाकू नये म्हणून मानेच्या आत पोलादी रॉड घालतात. आपल्याकडे एप्रिलची कोरडी झळ आणि जुलैची ओल यात लाकूड हलतं, तेव्हा हा रॉड पाव फेरा इकडे-तिकडे करावा लागतो. मेकॅनिकलवाल्यांनी तो बघायला जरूर यावं, फक्त पाना माझ्याच हातात राहील.

आता ऐकू न येण्याचं. ४० हर्ट्झला आपला कान फार आळशी असतो. हजार हर्ट्झचा एखादा मध्यम आवाज जेवढा मोठा वाटतो, तेवढाच ४० हर्ट्झचा वाटायला हवा असेल तर ३० डेसिबलपेक्षाही जास्त जोर लागतो. ३० डेसिबल म्हणजे हजार पट शक्ती! तुम्ही बेसचं बटण पिळता तेव्हा ही उधारी चुकवायला जाता. आणि स्पीकरची गंमत अशी, की तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर त्याच्या कागदाला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. ८२ हर्ट्झपर्यंतच्या कामासाठी बनवलेल्या गिटारच्या अँपला मी ४१ चं काम सांगितलं, वर बटण शेवटपर्यंत फिरवलं. बिचारा फाटला नसता तर काय झालं असतं!

आणि बटण शेवटपर्यंत का फिरवलं? कारण मला खोलीत बेस ऐकू येत नव्हता. हाही हिशोब मी नंतर केला. आमची खोली साधारण ४ मीटर लांब आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा, म्हणजे ४३ हर्ट्झच्या लाटेची लांबी ८ मीटर, खोलीच्या दुप्पट. ही लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतींपाशी दाब जास्तीत जास्त, बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. मी ऐटीत खोलीच्या मधोमध उभा राहून वाजवायचो. माझा रूममेट भिंतीला टेकून कॉटवर पुस्तक घेऊन बसायचा आणि उशी डोक्यावर घ्यायचा. मी म्हणायचो हा नाटकं करतो. तो म्हणायचा हा बहिरा आहे. दोघांचे कान ठीक होते. शून्यात उभं राहून मी बटण पिळत गेलो, आणि त्याचं बिल आलं सीनियरच्या स्पीकरचं.

रेक्टर सरांची तक्रारही इथेच सुटते. भिंतीतून उंच सूर अडतात, खालचे आरपार जातात. त्यामुळे सरांना गाणं ऐकू येत नाही, पेटी नाही, ड्रमची झांजही नाही. फक्त मी चुकलेलो ऐकू येतो.

मग काकांच्या 'मिड'चं काय? कोणतीही तार नुसती ४१ हर्ट्झ बोलत नाही. तिच्यात ८२, १२३, १६४ असे वरचे सूर एकाच वेळी असतात. मोबाईलचा बोटभर स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही, तरी त्यावर गाण्यातला बेसचा सूर कोणता हे कळतं, कारण वरच्या सुरांमधलं ४१-४१ चं अंतर पकडून मेंदू खालचा सूर स्वतः भरतो. मंडपात, लोकांच्या गोंगाटात, ड्रमच्या दणक्यात खालचा भाग हरवतोच. ओळख राहते ती वरच्या सुरांवर. मी काय करत होतो, तर हे वरचे सूर कापून फक्त गडगडाट पाठवत होतो. एकट्याने वाजवताना तो गडगडाट भारी वाटतो, बँडमध्ये त्याचा चिखल होतो.

आपले पखवाजवाले हे आधीपासून जाणतात. धुमेवर कणकेचा गोळा थापून ती जड करतात, म्हणजे सूर खाली येतो, आणि कणीक किती ठेवायची ते कानाने ठरवतात. जास्त झाली की घुमारा नाही, नुसता गचका. शाईच्या बाजूचं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' नियतकालिकात मांडलं होतं : चामडं मधोमध जड केल्यामुळे त्याचे वरचे सूर तारेसारखे शिस्तीत येतात. नर्सी नामदेवच्या वाटेवरच्या एखाद्या भजनात कान देऊन बघा. पखवाज मोठ्यानं वाजत नसतो, तरी शेवटच्या माणसाला समजतो.

फाट्यावर काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अँप नव्हता, लाईन नव्हती. त्यांनी माझी बेस मांडीवर घेतली, तिचं डोकं लाकडी बाकड्याला टेकवलं आणि तार छेडली. सगळं बाकडं बोलायला लागलं! फळी स्पीकर झाली. मग तोच सूर त्यांनी तीन जागी छेडला. तारेच्या बरोबर मध्यावर : गोल, पोकळ, कारण तिथे छेडलं की दुसरा, चौथा, सहावा असे सम सूर उठतच नाहीत. चौथाईवर : थोडा भरलेला. घोडीपाशी : कडक, नाकात बोलल्यासारखा, पण स्पष्ट. एकही बटण नाही, एक रुपया नाही. ऑर्केस्ट्रातला दुसरा पोरगा, जो इतका वेळ "टोन पैशात असतो" म्हणून भांडत होता, तो गप्प झाला. (माझं मत विचाराल तर पैशातही असतो. पण बोटं फुकट मिळालीयत, आधी ती वापरावी.)

"आन् डावा हात," काका उठता उठता म्हणाले, "सूर सोडायचा कवा, ते त्याला शिकव." म्हणजे डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा आवरतात तसं. मी प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत लोंबकळत ठेवायचो. तोही चिखलच.

त्यांचा टेम्पो हदगावच्या रस्त्याला लागला, आमची जीप हिंगोलीच्या. नंबर घ्यायचा राहून गेला.

त्यानंतर दीड महिना मी रोज रात्री बेसचं डोकं कपाटाला टेकवून वाजवलं. रेक्टर सरांची एकही तक्रार नाही, रूममेटची एकच ("माझे शर्ट थरथरतात"). गॅदरिंगला थेट मोठ्या सिस्टीममध्ये लाईन दिली. आधी पंख्यासारखी गुणगुण आली. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या पडदीवरचा जी ४९ हर्ट्झचा, त्यामुळे आर्थिंग बिघडलं की सगळा मंडप किंचित बेसूर जी लावून बसतो. इलेक्ट्रिकलच्या मित्राने बोर्ड बदलून दिला, गुणगुण गेली. बेस कमी, मिड वर, बोटं घोडीच्या बाजूला.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यात माझी लीड निघाली. दोन ओळी मी नुसतीच बोटं हलवत होतो. आणि ड्रमरने, त्याच ड्रमरने, वाजवता वाजवता मान वळवून माझ्याकडे डोळे वटारले.

लीड आता दोन्ही टोकांना नवीन सोल्डर केलीय. स्पीकरचे दोन हप्ते बाकी आहेत.