कुमाऊंच्या चीडवनांची शंभर वर्षे

उत्तराखंडातील कुमाऊंच्या डोंगरांत साधारण ५०० ते २,००० मीटर उंचीवर चीड या पाइनवृक्षाची जंगले पसरली आहेत. या झाडाचे वर्षचक्र हवामान ठरवते. हिवाळ्यातील पाऊस जमिनीत ओल राखतो. एप्रिल ते जून या कोरड्या महिन्यांत जुन्या सुया गळून जाड थर साचतो. त्याला तिथे पिरूल म्हणतात. याच सुमारास शंकू उकलतात, पंखधारी बी खाली पडते आणि पावसाळा लागताच रुजते. वाढीच्या दिवसांत ओल टिकली, तर खोडात रुंद कडे तयार होते; ती आटली, तर अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हिमालयातील सूचिपर्णी वृक्षांच्या कड्यांचा अभ्यास केला, त्यातही मान्सूनपूर्व महिन्यांतील ऊन-पावसाचा ठसा ठळक दिसला.

वणवे याच महिन्यांत पेटतात, आणि बहुतेक माणसाच्या हातून. पिरूलाखाली गवत दबते आणि पिरूलावरून गुरे घसरतात. म्हणून गावकरी पूर्वापार तो जाळत आले. मोठा चीड जाड सालीमुळे तगतो, जळालेले कोवळे रोप बुंध्याशी पुन्हा फुटते आणि मोकळ्या जमिनीत बियाचे मूळ मातीला भिडते. शेजारचा बांज, म्हणजे इथला ओक, जळाल्यावर फुटतो खरा. पण वारंवारची आग, चराई आणि चारा-सरपणासाठीची तोड एकत्र आली की तो मागे हटतो आणि त्याच्या जागी चीड येतो.

१९११ ते १९१७ या काळात ब्रिटिश सरकारने कुमाऊंचे विस्तीर्ण जंगल राखीव केले. सरकारला इमारती लाकूड, रेल्वेचे स्लीपर आणि लिसा, म्हणजे राळ हवी होती. गावकऱ्यांचे हक्क आक्रसले, जाळण्यावरही निर्बंध आले. १९२१ च्या उन्हाळ्यात संताप उसळला आणि चीडवने ठिकठिकाणी पेटवली गेली. सरकारने तक्रार निवारण समिती नेमली. पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावाने जंगल सांभाळण्याचे, नियम आले.

आग पूर्ण रोखली, तर पिरूल साचून पुढचा वणवा अधिक भडकतो, हे वनव्यवस्थापनाने अनुभवातून ओळखले. थंडीत, जमीन ओलसर असताना नियंत्रित जाळणी, डोंगरधारेवर जाळरेषा आणि नव्या रोपांना काही वर्षे संरक्षण, अशी पद्धत त्यातून घडली. लिसा काढण्याने मात्र धोका वाढला. खोडावरच्या राळभरल्या जखमा चटकन पेट घेतात, बुंधा पोखरला जातो आणि झाड वाऱ्यात कोसळते.

चिपको आंदोलनानंतर, १९८१ मध्ये, १,००० मीटरपेक्षा उंचावरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. कुऱ्हाड थांबली, पण वणवे थांबले नाहीत. २०१६ मध्ये उत्तराखंडात चार हजार हेक्टरांहून अधिक जंगल होरपळले आणि वायुदलाची हेलिकॉप्टर पाणी टाकायला धावली. २०२४ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. जूनमध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनकर्मचारी मृत्युमुखी पडले.

शतकाचा हिशेब मांडता प्रश्न दोन वणव्यांमधल्या अंतराचा ठरतो. पुरेशी वर्षे मिळाली, तर रोपाची साल जाड होते आणि ते पुढची आग सोसते. हिवाळा कोरडा गेला, उन्हाळा तापला की हे अंतर घटते. मोठी झाडे उभी दिसतात, पण खाली पुढची पिढी तयार होत नाही. म्हणून पिरूल वेळीच गोळा करणे, जाळणी थंडीतच उरकणे, बांजाचे पट्टे राखणे आणि या कामात गावाला हक्काचा वाटा देणे, हे सारे एकत्रच व्हायला हवे.